मुठीची ज्वारी

माझे वडील मेथडिस्ट मंडळीचे पाळक होते आणि आई पाळकाची बायको होती. यातली दुसरी नोकरी जास्त कष्टाची, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. त्याआधीची सगळी वर्षं मी लाजण्यात घालवली.

सोलापूर जिल्ह्यातल्या सात गावांत आम्ही राहिलो. दरवर्षी पाळकांची परिषद भरायची, शेवटच्या दिवशी बिशपसाहेब नेमणुका वाचून दाखवायचे आणि पप्पा घरी येऊन नव्या गावाचं नाव सांगायचे. आई एकच प्रश्न विचारायची, "पानी कुटनं आनायचं?" आणि सामान बांधायला घ्यायची. पप्पांकडे एक गाव कधीच नसे, तीन-चार असत. रविवारी सकाळी एका गावात उपासना, दुपारी दुसऱ्या, मधे मोटारसायकल आणि फुफाटा. "देवाचा निरोप्या आहे मी," ते म्हणायचे, "पेट्रोल मात्र माझं."

या सगळ्या गावांत एक रीत होती. मंडळीतली बाई दळण करायला बसली की आधी एक मूठ ज्वारी वेगळ्या गाडग्यात टाकायची. ती देवाची मूठ. रविवारी साठलेलं धान्य कापडी पिशवीत घालून ती चर्चमध्ये आणायची आणि दानार्पणाच्या वेळी वेदीसमोरच्या टोपलीत ओतायची. टोपलीपाशी आई उभी असायची. उपासना संपली की टोपली पाळकाच्या घरी. आमची भाकरी त्या टोपलीतून यायची.

वीस घरची ज्वारी, म्हणजे वीस रंग. कुणाची मालदांडी, कुणाची हायब्रीड, कुणाची दोन वर्षं जुनी. तिची भाकरी कधी एकसारखी पांढरी झालीच नाही. ठिपके उठायचे, कडा चिरायच्या. मी शिकायला सोलापूरच्या हॉस्टेलवर राहिले तेव्हा आई एसटीने कडक भाकरी पाठवायची. खोलीतल्या मुली म्हणाल्या, "तुझी भाकरी म्हणजे गोधडीच गं." मी म्हटलं, "आमच्या रानात तीन जातींची ज्वारी असते." आम्हाला रान नव्हतं. वीतभर अंगणसुद्धा आमचं नव्हतं. पाळकाचं घर मंडळीचं असतं. पण खोटं बोलायला मला कधी फार विचार करावा लागला नाही.

आई सोमवारी सूप घेऊन बसायची. मला वाटायचं खडे निवडते. खडे ती निवडायचीच, पण तिचं खरं काम आदल्या दिवशी टोपलीपाशी झालेलं असायचं. कुणाच्या पिशवीतून काय पडलं ते तिच्या ध्यानात राहायचं. ज्वारीच्या जागी रेशनचा गहू आला की त्या घरचं धान्य सरलं. पिशवीत धान्य नुसतं तळाशी असलं की नवरा कामावर जात नाही. पिशवीच आली नाही की बाई आजारी, नाहीतर माराने सुजलेली. सोमवारी निवडता निवडता ती पप्पांना सांगायची, "आज त्या वरल्या आळीच्या घरला जावा. काय न्हाय, बसून चा पिऊन या." पप्पांची भेट नेमकी वेळेला होते, देवच त्यांना धाडतो, असं लोक म्हणायचे. देव सूप घेऊन स्वयंपाकघरात बसलेला असायचा.

हे मी आता लिहिते. तेव्हा मला फक्त ठिपके दिसले.

पप्पा निवृत्त झाले ते मोहोळकडच्या एका गावातून. मी तोवर सोलापुरात शिक्षिका झाले होते, फ्लॅट घेतला होता, एकटीच राहत होते. निरोपाच्या दिवशी मी टेम्पो घेऊन गेले. भाषणं झाली, हार झाले. सामान चढवून झालं तेव्हा चर्चच्या मागच्या खोलीतून बायकांनी दोन पोती ओढत आणली. महिला मंडळातली एक म्हातारी पुढं होती. सगळे तिला मावशी म्हणायचे. नवरा नाही, मूल नाही, खुरपणीला जायची. हातांना कायम चिरा. ती म्हणाली, "पाळकसायेब जानार कळल्यापास्नं दोन-दोन मुठी काडत हुतो आमी. बाईला वर्सभर पुरंल. शेरात इकतची ज्वारी खायची न्हाय त्येनी."

पोत्याचं तोंड उघडं होतं. आत पांढरी, पिवळी, काळपट, सगळी एकात एक. आमच्या सोसायटीच्या दारात टेम्पो उभा आहे, समोरच्या गॅलरीत बायका उभ्या आहेत आणि ही पोती जिन्यावरून वर चालली आहेत, असं माझ्या डोळ्यांसमोर आलं. जागेचा प्रश्न नव्हता. माझी बाल्कनी रिकामी होती.

"अहो मावशी, हे कशाला?" मी शाळेत बोलते तशी खणखणीत बोलले. "फ्लॅटमध्ये जागा नाही, किडे होतात. आणि आम्ही चपातीच खातो. गावातल्या गरिबांना देऊन टाका."

 एका बाईने पोत्याचं तोंड हळूच मिटलं. पप्पा टेम्पोतल्या दोऱ्या उगीच घट्ट करत राहिले. 

आई ड्रायव्हरशेजारी बसली होती. गुडघे दुखत असताना ती खाली उतरली, पोत्यापाशी गेली आणि पदर पसरला. "माज्या पदरात घाला. बसंल तेवडं घाला. मूठ परत जात नसती." बायका एकेक करून पुढं आल्या, पोत्यात हात घालून एकेक मूठ तिच्या पदरात टाकत गेल्या. मावशीने शेवटची टाकली. आई प्रत्येकीला मंडळीच्या रीतीने "सलाम बाई" म्हणत होती आणि मी घड्याळाकडं बघत होते.

चिंचोळी एमआयडीसी मागं पडली. मग आई एवढंच म्हणाली, "गरिबांना द्या म्हनलीस. त्ये कोन हुते मग?"  मी चिडले होते. चूक स्वतःची असली की मला जास्तच राग येतो.

पदरातली ज्वारी आईने एका स्टीलच्या डब्यात भरली, वर कडुलिंबाचा पाला घातला आणि ओट्याखाली ठेवली. तिची भाकरी केली नाही. माझ्या घरच्या चपात्या खाल्ल्या, कुकरचा भात खाल्ला, कुरकुर नाही. पण कुकर लावायच्या आधी मूठभर तांदूळ बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची. महिनाभर मी पाहिलं आणि एक दिवस फाडकन बोलले, "आता कुणासाठी? आता तू पाळकीणबाई नाहीस."

"तितं नवा पाळक आलाय की," ती म्हणाली. "त्येची बायको पोटुशी हाय. आजवर मी घेतलं, आता घालायची पाळी माजी."

तिला स्वतःला जाऊन ते टोपलीत ओतायचं होतं. पण गुडघ्यांनी एसटीची पायरी चढवेना. एका शनिवारी तिने तांदळाची पिशवी माझ्यापुढं ठेवली. "तू जा. कुनाच्या हाती धाडायची न्हवं ती. आन् मावशीला इचारून ये, त्या पोत्यांचं काय झालं."

मी गेले. खरं सांगायचं तर चर्चच्या दारातून परत फिरावं असं वाटलं. दानार्पणाला उठले तेव्हा पिशवी हातात आणि सगळ्या बायकांची नजर पाठीवर. टोपलीपाशी नवी पाळकीणबाई उभी होती, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. तांदूळ ओतले. ज्वारीवर पांढरा ढीग झाला. तिने नुसती मान हलवली. तिला अजून टोपलीतलं काही वाचता येत नसणार, याचं मला बरं वाटलं.

उपासनेनंतर मावशीने मला पायरीवर बसवलं, आईचे गुडघे विचारले, पप्पांचा खोकला विचारला. मी शेवटी पोत्यांचा विषय काढला.

"त्ये व्हय," ती म्हणाली. "तू गरिबाला द्या म्हनलीस. आमी लई इचार केला, गावात गरीब कोन? फिरून फिरून आमच्याच दारात आलो. मग घेतलं वाटून ज्येचं त्येनी." ती हसली. टोमणा नव्हता, हे जास्त वाईट. "खाल्लं बग आमी. टाकून कसं द्यायचं? पर देवाला काडल्याली मूठ आपनच खायची म्हंजी घास उतरत न्हाय गं."

मला माफी मागायची होती. तोंडात आलं होतं. मी म्हटलं, "एसटी चुकेल मावशी, निघते."

घरी पोचले तेव्हा दुपार झाली होती. पप्पा जेवायचे थांबले होते. आई तव्यापाशी होती. "ओतलंस?"

"ओतलं."

"आन् पोती?"

"नव्या पाळकांना दिली त्यांनी," मी म्हटलं. "फार खूश होते दोघंही." हॉस्टेलमध्ये आलं होतं तसंच आलं, अडखळत नाही, काही नाही.

"बरं झालं," आई म्हणाली. तिने माझ्या ताटात भाकरी वाढली. ठिपक्यांची, कडा चिरलेली. मी गावाला गेले असताना तिने डब्यातली ज्वारी गिरणीतून दळून आणली होती. त्या गुडघ्यांनी, दोन मजले उतरून.

मी पहिला तुकडा मोडला. तेव्हा ती शेगडीकडं तोंड करूनच बोलली.

"मावशीचा फोन असतो दर आयतवारी. पोती वाटून घेतली त्ये तिनं मला तवाच सांगितलंय. तू काय सांगतीस, त्ये बगायचं हुतं."

पप्पांनी मिठाची वाटी माझ्याकडं सरकवली आणि प्रार्थनेला डोळे मिटले. घास माझ्या हातातच होता.