वळचणीची करवंटी

मला माझ्या धुरपाआत्यानं वाचवलं. हे आधी लिहून ठेवतो. पुढं मी तिच्याशी कसा वागलो ते येणार आहे, आणि ते वाचल्यावर माझे आभार कुणाला खरे वाटायचे नाहीत.

तिसरीतून शाळा सुटली. आता मुंबईत आहे, घरापासून लांब. अक्षरं येतात तेवढ्यात लिहितो.

महाडच्या बाजारात एका चहाच्या दुकानात मी कामाला होतो. दुकानाच्या वळचणीला सुतळीनं करवंट्या टांगलेल्या असत. महारांनी त्यातली एक काढायची, पायरीखाली उभं राहून पुढं धरायची. चहा वरून ओतला जायचा. पिऊन झाला की धुवायची, परत टांगायची. ओतणारा मी.

मीही महारच. पण मालकांना सांगितलं होतं, घाटावरचा मराठा आहे, आईबाप नाहीत. आईबाप दोघं जिवंत होते. पोलादपूरच्या वर, डोंगरात.

तीन वर्षं असा राहिलो. बाजाराच्या दिवशी ओळखीचा चेहरा दिसला की चुलीमागं जायचो, डोळ्यांत धूर गेला म्हणायचो. मालकीणबाई आग्रहानं वाढायच्या. घास गिळताना वाटायचं, आज कळणार. तरी म्हणायचो, माणसं चांगली आहेत, माझ्यावर माया करतात. ज्याच्यावर माया करत होती तो पोरका मराठा जगात नव्हताच. आणि कुणाला संशय नको म्हणून करवंटीत ओतताना मी हात सगळ्यांपेक्षा वर धरायचो.

एके दुपारी पायरीखाली आत्या उभी. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. तिनं मला पाहिलं. मी तिला पाहिलं.

"कुठली गं तू?" मालकांनी विचारलं.

"पोलादपूरच्या वरची, मालक. भावाचा पोरगा धुंडते. भाव हातरुणाला लागलाय. पोराचं नाव घेतो सारखा."

बाकावरचा एक म्हणाला, "बघ बघ, आत बसून बशीतनं पीत असेल."

सगळे हसले. मीही हसलो.

मालक माझ्याकडे वळले. "तुला दिसलाय का रे असा कुणी?"

"नाही."

आत्यानं करवंटी काढली, पुढं धरली. मी ओतायला लागलो. हात नेहमीसारखा वर. धार हुकली आणि कढत चहा तिच्या मनगटावर पडला. तिनं करवंटी हलवली नाही.

"भाजलं का गं?"

"नाय मालक." ती चहा प्यायली. मग माझ्याकडे बघतच म्हणाली, "आमचा पोरगा हितं नाय. उगाच आले."

करवंटी धुतली, टांगली. गेली.

"पाणी मार रे तिथं," मालक म्हणाले. हे रोजचंच होतं. मी तांब्या उचलला आणि पायरीवर उभा राहिलो. तिनं मला झाकलं होतं. पण ती खोटं बोललीच नव्हती. तिचा पोरगा तिथं नव्हता. तीन वर्षांपूर्वी मीच त्याला मारला होता, आणि रोज वरून चहा ओतून तो मेलाय याची खात्री करत होतो.

तांब्या ठेवला. तीच करवंटी काढली. पातेल्यात बुडवली. बाकाशेजारी उभा राहून प्यालो.

"अरे, वेड लागलं का? ती म्हारणीची," मालक ओरडले.

"माझी आत्या हाय ती."

पुढचं थोडक्यात लिहितो. आधी पळी बसली, मग जळकं लाकूड. पातेलं रस्त्यावर उपडं झालं. मालकीणबाई दारात रडत होत्या. माझ्यासाठी नव्हे, जेवू घातलं म्हणून.

पोलादपूरच्या रस्त्यावर आत्याला गाठलं. माझं डोकं फुटलं होतं. तिनं पदर फाडून बांधला. एवढंच म्हणाली, "चल. बाप वाट बघतोय."

बापाला दोन दिवस मी मिळालो.

इथं मुंबईत मुकादमानं पहिल्याच दिवशी जात विचारली. घाम फुटला. अजूनही दर वेळी फुटतो. सांगितली. दोन ठिकाणी खोली मिळाली नाही. तिसरीकडे विचारणार आहे, आणि तिथंही आधी जातच सांगणार आहे.

आत्या, तुझ्या मनगटावर डाग राहिलाय. तो मी दिलाय. एक दिवस तुला त्याच दुकानाच्या बाकावर बसवीन. कपबशी तुझ्या हातात देईन, माझ्या हातानं, खालून. त्याआधी वळचणीच्या सगळ्या सुतळ्या कापीन.