हिप्परग्याच्या बांधावर थांबलेली गाडी

सोजरबाई वाघमोडे सोलापूरच्या जोशी वकिलांकडे धुणीभांडी करायची आणि तिचा नवरा कुंडलिक त्यांचीच अँबेसेडर चालवायचा. दोघं मूळची माळशिरसकडची. इतक्या वर्षांत कुंडलिकनं गाडीवर ओरखडा येऊ दिला नाही, असं वेणीमाधव जोशी कोर्टातल्या मंडळींना सांगत. ते कानावर आलं की सोजरबाईला आपलंच कौतुक झाल्यासारखं वाटे.

गेल्या वर्षापासून लांबच्या फेरीला कुंडलिक तिला बरोबर घ्यायला लागला होता. बार्शी असो की अक्कलकोट, बाईसाहेबांना हाताखाली कुणीतरी असू दे म्हणायचा आणि तिला पुढं आपल्या शेजारी बसवायचा. लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर या माणसाला आपल्या सोबतीची ओढ लागली याचं तिला नवल वाटे. बरंही वाटे.

१९७४ चा चैत्र होता. दुष्काळात तळ उघडा पडलेला हिप्परग्याचा तलाव पुन्हा भरला होता आणि वकिलांच्या पत्नी प्रभाताईंना तो बघायचा होता. रविवारी सकाळी दशम्या, शेंगाचटणी आणि दह्याचा डबा घेऊन चौघं निघाले. कुठं पोचायचं नाही, पाण्याच्या कडेकडेनं सावकाश घे, असं वकिलांनी सांगून ठेवलं.

तुळजापूरचा रस्ता सोडून गाडी तलावाकाठच्या कच्च्या वाटेला लागली. कडुलिंब मोहरले होते. लांब उथळ पाण्यात पांढऱ्या-गुलाबी पक्ष्यांची रांग उभी होती आणि प्रभाताई ते मोजायला बघत होत्या. तेवढ्यात डाव्या हाताच्या शेतातून एक बैलगाडी वाटेवर आली. सोजरबाईला ती केव्हाची दिसत होती. कुंडलिकलाही दिसत असणार म्हणून ती गप्प होती. पण गाडीचा वेग कमी होईना. बैलाची शिंगं काचेजवळ आली तेव्हा ती "बैल, बैल" म्हणाली आणि कुंडलिकनं ब्रेक दाबला. मागं दह्याचा डबा कलंडला. वकील हसून म्हणाले, पक्ष्यांकडं बघत होतास वाटतं.

सोजरबाईला हसू आलं नाही. जेवताना शेजारी ठेवलेला तांब्या त्याच्या हातून रोज लवंडायचा, ते तिला आठवलं. परवा घराच्या दाराच्या चौकटीला खांदा आपटला होता, तेही आठवलं.

जेवणं झाली. जोशी पतीपत्नी झाडाखाली टेकली. सोजरबाई भांडी विसळायला पाण्यावर गेली, कुंडलिकही हात धुवायला आला. ती त्याच्या डाव्या अंगाला उभी राहिली आणि आपला हात त्याच्या कानापासून वीतभर लांब धरला.

"हात दिसतोय का?"

"कुठला हात?"

तिनं बोटं हलवली. तो समोरच्या पाण्याकडंच बघत राहिला. मग हळू आवाजात बोलायला लागला. समोरचं सगळं स्वच्छ दिसतं, कडेचंच गेलंय. दोन वर्षं झाली. कुणाला सांगितलं तर गाडी जाईल आणि गाडीशिवाय त्याला दुसरं काहीच येत नाही.

"म्हणून मला शेजारी बसवता व्हय?"

त्यानं पालथ्या हातानं तोंड पुसलं आणि म्हणाला, आजचा दिवस घरी पोचू दे, उद्या बघू. तिला त्याचा राग आला, स्वतःचाही आला. पण ती मान हलवून भांडी घेऊन वर आली.

परतीला प्रभाताईंना बांधावरून जायचं होतं. बांधावरची वाट एका गाडीपुरती. उजवीकडं दगडी उतार थेट पाण्यात गेलेला, डावीकडं पाटाची खोल चारी. सोजरबाई नजर डावीकडं लावून पुटपुटत होती आणि कुंडलिक तिच्या शब्दावर चाक वळवत होता. मागच्या दोघांना वाटलं, नवराबायकोचं काही बोलणं चाललंय. एके ठिकाणी वाट चारीकडं खचली होती. ती म्हणाली, खड्डा हाय. त्यानं गाडी उजवीकडं घेतली.

उजवीकडं गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई गाडीला वाट द्यायला अगदी कडेला उभी होती. तिच्या मागं फक्त पाणी होतं. सोजरबाईनं दोन्ही हातांनी चाक धरून ओढलं. गाडी आचके देत बंद पडली. भारा पुढच्या चाकाजवळ पडला होता आणि ती बाई खाली बसली होती. जरा वेळानं तिनं शिव्या दिल्या, भारा उचलला आणि निघून गेली.

"ऊन डोळ्यांवर आलं असेल," वकील म्हणाले.

"व्हय साहेब. ऊनच," कुंडलिक म्हणाला आणि त्यानं गाडी पुन्हा सुरू केली.

सोजरबाईला गप्प बसता आलं असतं. पुढं पाऊण मैल बांध होता, मग डांबरी रस्ता, मग घर.

"साहेब, ऊन न्हाय," ती म्हणाली. "ह्यांना कडंचं दिसत न्हाय. तुमी उतरा."

कुंडलिकनं इंजिन बंद केलं. किल्ली काढली आणि मागं न बघता हात मागं केला. वकिलांनी ती घेतली.

वकिलांनी फार पूर्वी गाडी शिकून सोडून दिली होती. त्या दिवशी ते पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच, चाकाला चिकटून, सोलापूरपर्यंत आले. गिअर खरखरला की डावीकडं बसलेला कुंडलिक डोळे मिटून घ्यायचा. सोजरबाई मागं प्रभाताईंच्या शेजारी बसली होती. प्रभाताईंनी तिचा हात धरून ठेवला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली रोजच्या थेंबांनी टिकवायची होती. वकिलांनी दुसरा ड्रायव्हर ठेवला. पावसाळा संपेपर्यंत कुंडलिक सोजरबाईशी कामापुरतं बोलला. सकाळ-संध्याकाळ थेंब घालताना ती त्याची पापणी वर धरायची, तेव्हाही तो आढ्याकडं बघत राहायचा.

पुढं चनबसप्पा मिस्त्रीनं त्याला गॅरेजवर कामाला बोलावलं. कुंडलिक बोनेटवर हात ठेवून इंजिन ऐकायचा आणि दुखणं कुठं आहे ते सांगायचा. चुकायचा क्वचितच.

तू बरोबर केलंस, असं तो कधी म्हणाला नाही. पण दिवाळीच्या तोंडावर दोघं नवी पेठेत थेंब आणायला गेली. गर्दी मुंग्यांसारखी होती. दोनदा लोकांना धडकल्यावर तो थांबला आणि चारचौघांत त्यानं तिचं कोपर धरलं. बांगड्यांच्या दुकानातल्या बायका बघायला लागल्या. सोजरबाईनं पदर सारखा केला आणि पाऊल जरा आवरतं घेतलं.