कडब्यामागची खोली

जयवंताबाईला खाली बसवत नव्हतं, आणि कांदा तर बसूनच कापावा लागतो. हसनाबादच्या शिवारात त्या उन्हाळ्यात बाया ढिगाभोवती बसून पात छाटत होत्या. ही मात्र कधी उकिडवी, कधी गुडघ्यांवर, कधी एका मांडीवर कलंडलेली. जरा वेळ गेला की उठायची, पाट्या उगाच इकडच्या तिकडं करायची. कुणी विचारलं तर कंबर धरली म्हणायची. कमरेचं दुखणं चारचौघीत सांगता येतं. हे कसं सांगावं?

परसाकडं गेलं की आग आग व्हायची आणि लालभडक रक्त पडायचं. हाताला गाठ लागत होती. तिची आई पोटातल्या गाठीनं गेल्ती. तेव्हापासून गाठ या शब्दाची तिला धास्ती होती, आणि आता तो तिच्या डोक्यात ठाण मांडून बसला होता. बसू शकत नव्हती ती एकटीच.

तिनं स्वतःच इलाज काढला. खाणं अर्ध्यावर आणलं, म्हणजे जावंच लागणार नाही. पाणी तर ती तशीही पीत नव्हती. उन्हाळ्यात रानं मोकळी, कुठं आडोसा म्हणून नाही. बाईमाणसानं उजाडायच्या आत जाऊन यावं, नाहीतर दिवस मावळेपर्यंत कळ सोसावी. गावात बहुतेकींची हीच तऱ्हा होती आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

संताप याचा येतो की हिच्या घरामागं पक्का संडास होता. दोन-तीन वर्षांपूर्वी स्वच्छतेची मोहीम आली तेव्हा धुळाजीनं, तिच्या नवऱ्यानं, तो बांधून घेतला. दारात बायकोला टमरेल घेऊन उभं केलं, फोटो काढून घेतला आणि आठवड्याच्या आत शेळ्यांचा कडबा आत रचला. वर कडी घातली. कडब्याला चार भिंती आणि बायकोला उघडं रान. धुळाजी वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त कधी सुचलं नाही.

लुगड्यावरचा डाग आधी दिसला तो शेजारच्या नंदाबाईला. तिनं गाजावाजा केला नाही. दुसऱ्या दिवशी भोकरदनच्या गाडीत जयवंताला घातलं. गाडीत जागा होती, तरी जयवंता दांड्याला धरून उभीच राहिली. खड्डा आला की डोळे मिटायची. आपण माघारी येऊ ते कसल्या दुखण्याचं नाव ऐकून, एवढंच तिच्या मनात चाललेलं.

दवाखान्यात बाईडॉक्टर होती. तिनं पडदा ओढला, नीट तपासलं आणि हात धुता धुता सांगितलं, हे मूळव्याधीचे मोड आहेत. जयवंताचा विश्वास बसेना.

"ती गाठ न्हाई? माह्या मायची होती तसली?"

"नाही. मरत नाहीस तू. रक्त थांबलं नाही, काळं पडलं किंवा वजन उतरायला लागलं, तर मात्र लगेच यायचं."

जयवंता ढसाढसा रडली. डॉक्टरनं तिला रडू दिलं, मग एकेक विचारायला लागली. पाणी किती पितेस? का पीत नाहीस?

"पाणी पेलं की जावं लागतं, बाई. दिवसा कुठं जावं?"

डॉक्टरनं लिहिणं थांबवलं. दुखणं इथंच आहे, म्हणाली. रोखून धरलं की खडा होतो, मग कुंथावं लागतं आणि मोड सुजतात. कमी खाल्ल्यानं ते आणखी वाढलं. पालेभाजी, भाकरी पोटभर खा, पाणी भरपूर पी, कोमट पाण्यात दिवसातून दोन-तीनदा बसत जा. आणि लागली की लगेच जायचं, धरून ठेवायचं नाही.

मलम आलं. घमेल्यातलं कोमट पाणी आलं, त्यात बसल्यावर जयवंताला कित्येक दिवसांनी जरा हायसं वाटलं. नंदाबाईनं रोज माठाची भाजी आणून दिली. पण शेवटची गोष्ट काही जमेना. पाणी पोटात गेलं की ती अंगणातून घरात, घरातून अंगणात येरझाऱ्या घालायची आणि उन्हाकडं बघत राहायची.

चार-सहा दिवसांनी भर दुपारी कळ आली. तिनं सवयीनं दात आवळले. मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती घरामागं गेली, कडी काढली आणि कडब्याच्या पेंढ्या ओढून अंगणात फेकायला लागली. मागून सरकीचं पोतं आलं, मोडका पाळणा आला. शेजारपाजारचे बघायला जमले. तिनं कुणाकडं पाहिलं नाही. पाण्याची बादली उचलली, आत गेली आणि आतून कडी लावली.

गलका ऐकून धुळाजी धावत आला.

"अगं, शेळ्या समदा कडबा खाऊन राह्यल्या!"

"खाऊ द्या," आतून जयवंताबाई म्हणाली. "मी बसले हाय."