दोन रकाने, सात प्रुफं

छापखान्यात त्यांना सगळे अनुस्वारबाई म्हणायचे, अर्थात पाठीमागे. एकतीस वर्षं खिडकीजवळच्या त्याच टेबलाशी बसून त्यांनी लोकांच्या चुका काढल्या होत्या. शाळांचे अहवाल, औषधाच्या खोक्यातली मुंगीएवढ्या अक्षरांची पत्रकं, काही म्हणून सोडलं नव्हतं. देवाधर्माशी त्यांचं फारसं देणंघेणं नव्हतं. म्हणूनच मालकांनी ते पुस्तक त्यांच्या गळ्यात मारलं.

लिहिणारे दोघं. एक निवृत्त मुख्याध्यापक, ख्रिस्ती. दुसरे दातांचे डॉक्टर, मुसलमान. चाळीस वर्षांचे दोस्त. बायबल आणि कुराण एकाच गोष्टीबद्दल काय सांगतात ते त्यांनी शेजारी शेजारी मांडलं होतं: डाव्या रकान्यात बायबल, उजव्यात कुराण. कल्पना छान होती. बाईंनी पहिलं प्रूफ तपासून पाठवलं आणि तिथून त्यांच्या डोक्याला ताप सुरू झाला.

पहिलं प्रूफ परत आलं ते लाल शाईने रंगून. मास्तरांनी आपला रकाना चार ओळींनी वाढवला होता. ते पाहून डॉक्टरांनी आपला सहा ओळींनी. दुसऱ्या प्रुफात मास्तरांनी आणखी आठ. पानं पुढे सरकली, अनुक्रमणिका चुकली, आणि ऑपरेटर मुलीने कीबोर्ड पुढे ढकलून दिला. "बाई, हे तुलना करतायत की रस्सीखेच?"

चौथ्या प्रुफाला डॉक्टर स्वतः आले. अब्राहाम मुलाचा बळी द्यायला निघतो, ते पान त्यांनी उघडलं.

"इथे मुलाचं इस्माईल हे नाव राहिलंय."

"मूळ वचनात आहे?"

"नाव नाहीये तसं. पण आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग कंसात टाकते."

"कंसात कशाला? कंस म्हणजे शंका!"

"कंस म्हणजे कंस," बाई म्हणाल्या आणि कंस टाकला. दुसऱ्या दिवशी मास्तर आले. त्यांच्या रकान्यात तो मुलगा म्हणून इसहाकाचं नाव मुळातच होतं, तरी शेजारचा तो कंस त्यांना खुपत होता. तो काढा, नाहीतर इसहाकाचं नाव ठळक करा, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. घरी जाऊन नवऱ्यावर विनाकारण खेकसल्या.

सहाव्या प्रुफापर्यंत दोस्तांचं बोलणं बंद झालं होतं. वधस्तंभाच्या प्रकरणावर गाडी अडली होती. बायबल म्हणतं, येशू वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. कुराण म्हणतं, लोकांनी ईसाला, म्हणजे येशूला, मारलं नाही, वधस्तंभावर चढवलंही नाही, त्यांना तसं भासलं. देवाने त्याला आपल्याकडे उचलून घेतलं. आता दोघंही तिथे आपापली टीप घालायच्या मागे होते, दुसऱ्याला खोडून काढणारी.

मग मात्र बाईंचा तोल सुटला. त्यांनी दोघांना एकाच वेळी बोलावलं, समोरासमोर बसवलं आणि प्रुफाची एकेक प्रत हातात दिली.

"आता मोठ्याने वाचायचं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने मजकुरावर बोट ठेवायचं. आमच्या धंद्याची रीत आहे. फक्त मास्तर, तुम्ही उजवा रकाना वाचायचा. डॉक्टर, तुम्ही डावा."

"म्हणजे मी त्यांचं वाचू?" मास्तर उखडले.

"सहा वेळा तुम्ही फक्त आपलंच वाचलंत. माझे डोळे गेले दोन्ही वाचून. वाचा!"

कुरकुरत वाचन सुरू झालं. येशूच्या आईच्या, मरियमच्या प्रकरणात मास्तरांचा आवाज हळू झाला. खजुराच्या झाडाखाली एकटी, कळा देणारी मुलगी म्हणते, याआधीच मेले असते तर बरं झालं असतं. ते थांबले.

"आमच्याकडे गोठा आहे, गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत. तिच्या कळा मात्र कुणी लिहिल्या नाहीत."

पुढे क्षमेच्या प्रकरणात, घर सोडून गेलेला मुलगा दिसताच म्हातारा बाप धावत सुटतो, हे वाचताना डॉक्टर अडखळले. त्यांचा थोरला मुलगा तीन वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हता, हे मास्तरांना ठाऊक होतं.

"धावत गेला? बाप?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो. तो काही बोलायच्या आधीच."

वधस्तंभाचं पान आलं. बाईंनी पेन उचललं, आता पुन्हा जुंपणार म्हणून. दोघांनी ते एकमेकांचं सरळ वाचलं. मास्तर म्हणाले, "टीप नको. इथे दोन्ही वेगळं सांगतात, तसंच राहू दे."

"राहू दे," डॉक्टर म्हणाले. "पण तो इस्माईलचा कंस काढा."

"कंस राहणार!" बाई ओरडल्या.

सातव्या प्रुफानंतर छपाई झाली. तीनशे प्रती निघाल्या. बाईंनी एक प्रत घरी नेली आणि टेबलावर आपटली. नवऱ्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "मग काय, शेवटी खरं कुणाचं?"

"सात वेळा वाचलंय मी," बाई म्हणाल्या. "तुम्हाला काय चहा उकळेपर्यंत उत्तर हवंय? बसा आणि वाचा. दोन्ही रकाने!"