थोडी धूळ

"पाकीट कुठंय? अरे, पाकीट कुठंय?"

आमचा बॉस योस्त ओरडत होता. डच माणूस सहसा ओरडत नाही. पगारवाढ नाकारतानासुद्धा तो हवामानाबद्दल बोलल्यासारखा बोलतो. पण त्या दिवशी तो असा ओरडला की आमच्या झुइडओस्ट भागातली मेट्रो, आपल्यालाच कोणी हाक मारली असं वाटून, दोन स्टेशनांच्या मध्येच थांबली असणार.

पडद्यावर एक जुना काळा-पांढरा फ्रेंच चित्रपट चालू होता. गोष्ट एका भुरट्या पाकीटमाराची. बोलणं मोजकं, संगीत नावापुरतं, नटाच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही. सगळा खेळ बोटांचा. त्याची बोटं एका साहेबाच्या कोटात गेली, अलगद बाहेर आली, आणि बोटांत काहीच नव्हतं. ते 'काहीच नाही' त्याने सफाईने साथीदाराकडे फेकलं. साथीदाराने ते तितक्याच सफाईने झेललं.

पहिल्या रांगेत पॅरिसहून आलेल्या मादाम बसल्या होत्या. चित्रपटाचे हक्क त्यांच्या कंपनीकडे. त्यांनी वही मिटली आणि पेनाला टोपण लावलं. योस्तच्या ओरडण्यापेक्षा ते वाईट होतं.

आमची कंपनी जुने चित्रपट डीव्हीडीसाठी स्वच्छ करायची. दोन हजार पाच-सहाचा काळ. डीव्हीडीला तेव्हा सोन्याचा भाव होता. फिल्म म्हणजे सुट्या चित्रांची पट्टी, सेकंदाला चोवीस. एकेक चित्र म्हणजे फ्रेम. धूळ बसते ती एखाद्याच फ्रेमवर. मागच्या-पुढच्या फ्रेममध्ये त्या जागी काही नसतं. म्हणून सॉफ्टवेअरचा नियम सोपा: जे एकाच फ्रेममध्ये दिसतं ती घाण. पुसा, आणि शेजारच्या फ्रेममधला तुकडा तिथे चिकटवा. हिमालय एकाच फ्रेमपुरता आला असता, तर आमच्या फिल्टरने तोही पुसला असता.

चोराचं पाकीट इतक्या वेगात जातं की कुठल्याही एका जागी ते एका फ्रेमपेक्षा जास्त थांबत नाही. सॉफ्टवेअरने चोराला सोडलं आणि चोरीच पुसून टाकली.

हा फिल्टर लिहिला होता श्रीनिवास पेंडसेने. कर्वेनगरचा पोरगा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला विनयदादा म्हणायचा. मी स्कॅनिंग बघायचो. दिवे लागले तेव्हा योस्तने त्याला विचारलं, "तू चित्रपट पाहिलास का?"

"तपासला."

"काय तपासलंस?"

"धूळ," श्रीनिवास म्हणाला. "एक कण नाही."

खरं म्हणजे फिल्टर किती कडक हे ठरवणारा काटा मध्यावर असता, तर पाकीट वाचलं असतं. श्रीनिवासने तो शेवटपर्यंत पिळला होता. का, ते मला माहीत होतं. त्याचं मूळ एका जेवणात होतं.

महिन्यापूर्वी मादाम काम बघायला आल्या होत्या. डच ऑफिसातलं जेवण म्हणजे दोन पाव आणि मध्ये चीजची एक चकती, तीही दुःखी. श्रीनिवासला ते बघवेना. त्याने स्वतःचा डबा उघडून अर्धं थालीपीठ त्यांच्या प्लेटमध्ये ठेवलं. त्या म्हणाल्या, "इतकंच पुरे." त्याने उरलेलंही वाढलं, वर लोण्याचा गोळा. त्यांनी पहिलं अर्धं खाल्लं, दुसऱ्याला हातही लावला नाही. हा आपला खूश.

जाताना त्या म्हणाल्या, "फार घासू नका. थोडी धूळ राहू दे. चालेल मला."

त्यांची लिफ्ट खाली गेली आणि श्रीनिवास माझ्याकडे वळला. "बाई किती सज्जन आहेत, दादा! संकोचाने म्हणतायत. असं थोडीच ठेवायचं?"

"अरे, त्या म्हणाल्या तसं कर की."

"पाहुणा पुरे म्हणाला म्हणून आपण डाव खाली ठेवतो का?"

आणि आग्रहाने वाढावं तसा त्याने काटा फिरवला.

पाकीट हरवलं त्याच महिन्यात त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. योस्तने त्याला कॉफी दिली आणि एक्स्टेंशन मिळणार नाही हे सांगितलं, पुन्हा हवामानाच्या आवाजात. आमच्यासारख्यांचं तिथे राहायचं परमिट नोकरीला टाचलेलं. नोकरी गेली की परमिट गेलं, परमिट गेलं की घर गेलं. त्याची मुलगी सई नुकती डच शाळेत रमली होती. आईने मराठीत विचारलं तरी डचमध्ये उत्तर द्यायची. बायकोने, अनघाने, जुनी सायकल घेऊन तोल सांभाळायला सुरुवात केली होती. श्रीनिवासने सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. पडद्यावरच्या नटाला मागे टाकलं लेकाने.

मूळ स्कॅन माझ्याकडे शाबूत होता. श्रीनिवासने मशीनसमोर बैठक मारली आणि एकेक फ्रेम हाताने लावत पाकीट परत आणलं. चोराचा माल चोराच्या हवाली करणारा त्रिभुवनातला पहिला माणूस! डबा रोज न उघडता घरी जायचा. मी म्हटलं, "श्री, आता कशाला मरतोस?"

"एकदा नीट बघू दे त्यांना. मग योस्त विचार करेल."

दुसऱ्या स्क्रीनिंगला पाकीट होतं. कोटातून बोटांत, बोटांतून साथीदाराकडे, लोण्यासारखं. आजूबाजूला थोडी धूळही होती. मादामनी मान डोलावली. योस्तने श्रीनिवासचा हात हातात घेतला. "छान काम. निर्णय तोच."

मादामच्या एका शब्दावर योस्त वळला असता, अशी माझी अजून समजूत आहे. म्हणून मी लिफ्टपाशी त्यांना गाठलं. परमिटचं सांगितलं, सईचं सांगितलं, थालीपीठाचंही सांगितलं. आमच्याकडे पुरे म्हणजे अजून वाढा, हे जमेल तितक्या इंग्रजीत समजावलं. त्यांना कळलं असावं, कारण त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या. आमच्या धंद्यात सांगितलं तेवढंच करावं, हे मी तेव्हापासून प्रत्येक नव्या पोराला सांगतो. श्रीनिवास काचेपलीकडे पाठमोरा बसून ड्रॉवर रिकामा करत होता.

लिफ्ट आली. मादामनी कोटाचं बटण लावलं.

"पण मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, "थोडी धूळ राहू दे."