गुरुवारचा मुहूर्त

येसराच्या आमटीचा वास आला, की पिंपरीतल्या आमच्या खानावळीचा पहिला दिवस आठवतो. बीडकडचं घर मोडून आम्ही कंपनीसमोर गाळा घेतला होता. वडिलांनी शुभ म्हणून गुरुवार धरला. आईने पातेलंभर आमटी केली, टोपलीभर भाकरी थापल्या. पण दुपार टळली तरी गेटातून कुणी बाहेर येईना. अखेर वॉचमनच रस्ता ओलांडून आला. "भाऊ, गुरुवारी समद्या कंपन्या बंद असत्यात. कुणी सांगितलं न्हाई व्हय?" सांगणार कोण? आमची ओळखच नव्हती कुणाशी. वडील कसंबसं हसले, मला गिऱ्हाइकांच्या बाकावर बसवून वाढू लागले. "बोला पाव्हणं, अजून काय आणू?" भूक नसूनही मी भाकरी मागितली. आता कॉलेजच्या सुट्टीत घरी गेलो, की पोट भरलं तरी त्यांना नको म्हणवत नाही.