हजर डोंगरांचा नकाशा

२००८च्या मंदीत दुबईतील आमचे सर्वेक्षण कार्यालय बंद झाले. भिंतीवरचा, दुबईच्या पूर्वेकडील हजर डोंगरांचा जुना नकाशा मी मागून घेतला. त्यावर समोच्च रेषांमध्ये विहिरी आणि शेळ्यांचे वाडे दाखवले होते. पत्नी म्हणाली, "लोकांनी खुर्च्या आणल्या. तुम्ही कागद आणलात."

व्हिसा संपण्यापूर्वी तो मुलूख पाहावा म्हणून आम्ही दोघे गाडीने निघालो. नकाशातल्या एका विहिरीपाशी एका वृद्ध शेळीपालकाने आम्हांला बसवून कॉफी दिली. त्या दिवसांत भेटणारा प्रत्येक जण प्रथम नोकरीचे विचारी आणि माझी मान खाली जाई. याने ते विचारलेच नाही. छोटा कप रिकामा होताच तो पुन्हा भरी. दिलेले नाकारू नये, या आपल्या शिकवणीने मी पीत राहिलो. अखेर तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "बस हो, तो कप हिलाओ, हबीबी. मेरी बकरी भूखी है." कप हलवला की 'पुरे', अशी तिथली रीत होती. पत्नी हसली. मीही हसलो.

नकाशावर त्याने आपल्या वडिलांचा वाडा बोटाने दाखवला. नकाशा मी त्यालाच दिला.

आम्ही मायदेशी परतलो. त्याने न विचारलेल्या त्या प्रश्नाबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.